मेहनत ठरलेली, लढत मोकळी: तालमीत पोर घालण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची तालीम लहान आहे. वर पत्रा, मधे लाल मातीचा हौदा, कोपऱ्यात मारुती आणि दोन वर्षांपूर्वी गावाच्या वर्गणीतून आणलेली एक जुनी मॅट. पोराला आत सोडून आईबाप दाराशी घुटमळतात आणि प्रश्न विचारतात. शब्द वेगवेगळे असतात, पण फिरून मुद्दा एकाच ठिकाणी येतो: पोरानं वस्ताद सांगतील तेवढंच करायचं की स्वतःच्या मनाचंही काही करायचं? दाराशी उभं राहून तेच तेच बोलण्यापेक्षा इथे लिहून ठेवतो. शेजारच्या तालमीत याहून वेगळं ऐकायला मिळेल, आणि तेही खोटं असेलच असं नाही.

रोज तेच जोर, त्याच बैठका. पोरगा कंटाळतो. यात काही बदल करता येईल का?

कंटाळतो हे खरंच आहे. मीही कंटाळायचो. पहाटे पाचला गार फरशीवर तळहात टेकले की पहिला विचार अंथरुणाचा यायचा. तरी हा भाग मी काढत नाही. का, ते एकदा जवळून बघा. जोर मारताना कंबर मागे उंच असते, तिथून छाती जमिनीला लागून पुढे सरकते आणि डोकं वर निघतं. आता पट काढणारा, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडणारा गडी बघा. तोही वरून खाली बुडतो, समोरच्याच्या हाताखालून छाती पुढे काढतो आणि डोकं वर ठेवून पाय उचलतो. चाल तीच. ज्याचे जोर खरे लागलेत त्याला पटात शिरताना ‘डोकं वर’ म्हणून ओरडावं लागत नाही. बैठकांचंही तसंच. खडाखडीत, म्हणजे उभ्यानं पकडीसाठी झोंबताना, गुडघे वाकवून उभं राहायचं असतं. मांड्या पेटल्या की गडी नकळत सरळ उभा राहतो, आणि सरळ उभा राहिलेल्याचा पट कुणीही काढतं.

बदल करता येतो तो आकड्यात आणि क्रमात. दहा वर्षांच्या पोराला मी तीस जोर आणि साठ बैठकांच्या वर नेत नाही, तेही थांबून थांबून. कधी जोरांऐवजी दोरी, कधी मल्लखांब, कधी एकमेकांना पाठुंगळी घेऊन हौद्याला फेऱ्या. पैलवानांच्या हजार जोरांच्या गोष्टी ऐकून काही बाप येतात आणि ‘आमच्याकडून पण हजार काढून घ्या’ म्हणतात. त्यांच्या हातात मी फावडं देतो आणि हौदा खणायला सांगतो. दहा मिनिटांत आकड्यांचा विषय संपतो.

ठरलेलं किती आणि मोकळं किती? घड्याळाच्या हिशोबात सांगा.

सकाळ सगळी ठरलेली. संध्याकाळी पहिला अर्धा तास डावांचा, तेही मी सांगेन तेच डाव. त्यानंतर पाऊण तास लढत, आणि त्या पाऊण तासात मी तोंड उघडत नाही. कुणाची मान किंवा गुडघा वाकडा अडकला तरच ‘सोड’ म्हणतो. कोण कुठला डाव मारतो, कोण नुसता झोंबत बसतो, कोण खाली गेला की डोळे मिटतो, हे बघत राहतो.

नव्या पोराला पहिले तीन-चार महिने खरी लढत नसतेच. पडायचं कसं, हनुवटी छातीला कशी लावायची, खाली गेल्यावर हात अंगाखाली अडकू कसा द्यायचा नाही, मानेवर अंग तोलून ब्रिज कसा करायचा. यात मनाचं काही नाही. इथे मोकळीक दिली तर खांदा निखळतो. पुढे पोर जसं मुरत जातं तशी सकाळ होती तेवढीच राहते आणि संध्याकाळ हळूहळू त्याची होत जाते.

आवडीचा डाव कधीपासून खेळू द्यायचा?

इथे मी स्वतः चुकलोय, म्हणून जरा लांबण लागेल.

मी बुटका. आयुष्यभर एकेरी पटावर खेळलो, चार पैसे आणि दोन फेटे त्यावरच मिळवले. माझ्याकडे एक पोरगा आला, चौदाव्या वर्षीच माझ्याहून वीतभर उंच, हातपाय नुसते बांबू. पहिल्या वर्षी त्याला पट शिकवला. दुसऱ्या वर्षी पट घोटून घेतला. पोरगा इमानी होता, सांगेल ते करायचा. पण एवढ्या उंचीवरून खाली यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात समोरचा पाय मागे फेकून याच्या मानेवर सगळा भार टाकून मोकळा व्हायचा. जत्रांच्या फडात सलग तीन कुस्त्या हरला आणि तिन्ही एकाच साच्यातल्या: पटात शिरला, वर वजन आलं, समोरच्यानं मागून कब्जा घेतला, चीत.

एका संध्याकाळी लढत चालू असताना मी बाहेर वर्गणीच्या पावत्या लिहीत होतो. सहज जाळीतून आत बघितलं. या पोरानं जोडीदाराची मान आणि एक हात एकाच मिठीत कवटाळला, कंबर आत घातली आणि असा फिरला की जोडीदाराचे दोन्ही पाय एकदम मातीतून सुटले. स्वच्छ ढाक. हौद्याभोवतीची पोरं ‘आयला’ म्हणून उठली. मी आत गेलो आणि काय बोललो? ‘हे कुणी शिकवलं तुला?’ पोरगा खाली बघत उभा. शिकवलं कुणीच नव्हतं. कुठल्याशा मैदानात बघून डोक्यात ठेवलं होतं आणि मी पाठ वळवली की घोटत होता. त्या रात्री मी हजेरीची वही काढून मोजलं. एकवीस पोरांपैकी चौदा जण पटावर खेळत होते. वस्ताद बुटका म्हणून अख्खी तालीम बुटक्याची कुस्ती खेळत होती.

तेव्हापासून असं करतो. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं: एकेरी पट, दुहेरी पट, दोन्हींच्या तोडी म्हणजे ते डाव मोडायचे उपाय, कब्जा घेणं आणि कब्जातून सुटणं. दुसऱ्या वर्षी अंगकाठी बघून दोन-तीन डाव पुढे ठेवतो. उंच असेल तर ढाक, टांग. गोळीबंद असेल तर पट, कलाजंग. पायात वळ असेल तर सवारी, भारंदाज. त्यातला एक पोरानं निवडायचा. यातला कुठलाच नको, वेगळा हवा म्हणाला तरी चालेल. अट एकच: त्या डावाची तोड त्यानं माझ्यावर मारून दाखवायची, आणि ती तोड समोरच्यानं मारली तर पुढे काय, तेही. डाव, तोड आणि तोडीवरचा डाव. या तीन पायऱ्या चढला की तो डाव त्याचा. मग मी त्यात नाक खुपसत नाही.

अंगकाठीचा हा हिशोबही काळ्या दगडावरची रेघ मानू नका. खाशाबा जाधव अंगानं लहानखुरे, ऑलिंपिक पदक जिंकलं ते ५७ किलोंत, आणि त्यांचा नावाजलेला डाव ढाक. माझ्या वहीप्रमाणे त्यांना पट दिला गेला असता.

पोरगा मोबाइलवर परदेशी कुस्त्या बघतो आणि तिथले डाव करू बघतो. बंद करू का?

बंद करू नका. मीही बघतो. रशियातल्या दागेस्तानचे, इराणचे, जपानचे गडी फुकटात घरबसल्या दिसतात, आमच्या वेळी एखादा नवा डाव बघायला एसटीनं तालुका गाठावा लागायचा.

फक्त बघितलेला डाव हौद्यात यायला एक रस्ता ठरवलाय. रविवारी आणायचा. आधी सावकाश, राजी असलेल्या जोडीदारावर. मग राजी नसलेल्यावर. मग त्याची तोड शोधायची. दहातले आठ डाव दुसऱ्या टप्प्यावरच गळतात, कारण मोबाइलवर डावाची शेवटची दोन सेकंदं दिसतात आणि त्याच्या आधी पकडीसाठी जी मिनिटभर झटापट झालेली असते ती कापलेली असते. जे दोन उरतात ते सोनं. गेल्या वर्षी एका पोरानं समोरच्याच्या घोट्यांना तिढा घालून लोळवायचा डाव असाच आणला. मॅटवर प्रत्येक लोळणीला दोन गुण मिळतात, एकदा तिढा बसला की मोजत राहा. आता तो मी बाकीच्यांना शिकवतो, आणि शिकवताना त्या पोराला पुढे बोलावतो.

माती की मॅट? दोन्ही केलं तर पोर धड इकडचं ना तिकडचं होईल का?

हा वाद चहाच्या टपरीवर रोज होतो आणि रोज अर्धवट सुटतो.

फरक काय ते आधी बघू. मातीत मूळ कुस्ती निकालीच, पाठ लागेपर्यंत. आता मैदानातही वेळ लावतात आणि लांबली तर गुणांवर घेतात, पण पोराच्या डोक्यात घड्याळ नसतं. त्यामुळे मातीतला गडी धीराचा होतो, समोरच्याला दमवून मारतो. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे अर्धा मिनिट. वर्तुळ नऊ मीटर व्यासाचं, बाहेर पाय गेला की समोरच्याला एक गुण. खाली घेतलं की दोन. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. तिथे धीर धरून बसणाऱ्याला पंच सुस्तीबद्दल ताकीद देतो. मातीत समोरच्याच्या कमरेची लांग किंवा जांग्या धरून घिस्सा डाव मारता येतो, मॅटवर कॉस्च्युमला हात लावला की फाउल. मातीत पाय थोडा रुततो, मॅटवर बूट धरतात आणि पटाला वेग येतो.

म्हणजे मातीतलं पोर मॅटवर नेलं की त्याचे निम्मे आवडते डाव नियमातच बसत नाहीत. इथे काही जण सरळ म्हणतात, विसर सगळं आणि नव्यानं शीक. मला ते पटत नाही. खाशाबा १९४८ साली लंडनला गेले तेव्हा मॅटची सवय नव्हती आणि आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. तिथे त्यांना अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी तयार केलं. फ्लायवेटमध्ये ते सहावे आले. परत येऊन चार वर्षं राबले, वरच्या वजनगटात गेले आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गोळेश्वरच्या मातीत घडलेलं अंग त्यांनी टाकून दिलं नाही, त्याला नवी चौकट दिली. आणि इथे घरीच बघायचं तर महाराष्ट्र केसरीला माती विभाग आणि गादी म्हणजे मॅट विभाग दोन्ही असतात, दोन्हीकडचे विजेते शेवटी गदेसाठी एकमेकांसमोर येतात. ज्याला तिथे जायचंय त्याला दोन्ही भाषा यायला हव्यात.

माझा रिवाज: बारा वर्षांपर्यंत फक्त माती. ती मऊ असते, पडायची भीती जाते. मग आठवड्यातून तीन संध्याकाळी मॅट. सोळाच्या पुढे पोरानं ठरवायचं. एकाला जत्रेचा फड आवडतो, हलगी, शड्डू, इनामाचा पुकारा. दुसऱ्याला शालेय आणि राष्ट्रीय स्पर्धा, प्रमाणपत्र, पोलीस भरतीत खेळाडू म्हणून जागा. दोघांचंही बरोबर आहे. बापानं मात्र यात पडू नये. ‘मॅटवर पैसा नाही’ आणि ‘मातीत भविष्य नाही’ ही दोन्ही वाक्यं मी एकाच बापाच्या तोंडून एकाच महिन्यात ऐकली आहेत.

(माती फुकट असते असाही एक समज आहे. तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून हौदा तयार करायचा खर्च कधी विचारून बघा.)

जिम लावली तर चालेल का?

सोळा-सतराच्या पुढे, लढतीला धक्का न लावता, खुशाल. बरेच चांगले पैलवान आता वजनं मारतात. आरशासाठी दंड फुगवायचे असतील तर ते त्याचं तो जाणे, मी अडवत नाही. खडाखडीत खांदा जड आणि सावकाश झाला की त्याचं त्यालाच कळतं.

खुराकाचं काय? थंडाई, बदाम, तूप सगळं द्यावंच लागतं का?

घरच्या ऐपतीप्रमाणे. दूध, अंडी, डाळ, भाकरी, भाजी, केळी पोटभर. बदाम परवडत असतील तर द्या, कर्ज काढून नको. डब्यातली पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि इंजेक्शन हा शब्द माझ्या दारात उच्चारलेला चालत नाही. यात मोकळीक शून्य.

वजनगट कुणी ठरवायचा?

वाढत्या वयाच्या पोराचं वजन पाडून खालच्या गटात घालायचं नाही, एवढं मी ठरवतो. पाणी तोडून, जर्किन घालून पळवून, थुंकवून वजन पाडणारे आहेत. त्या पोराची तब्येत आणि अभ्यास दोन्ही त्यात जातं. मोठ्यांचं वेगळं, ते जाणते असतात. पण तिथेही काटा कुणाचं ऐकत नाही. पॅरिसला २०२४ साली विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचली आणि फायनलच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरल्यामुळे अपात्र ठरली. त्या दिवशी आमच्या तालमीत संध्याकाळी लढत झालीच नाही. पोरं मॅटवर गोल करून बसली होती आणि एकमेकांना १०० ग्रॅम म्हणजे किती ते हातानं दाखवत होती.

मुलीला घालायचं आहे. तिला वेगळं काही शिकवता का?

नाही. मेहनत तीच, डाव तेच. मुलींची संध्याकाळची वेळ मात्र वेगळी ठेवली आहे आणि त्या वेळी दोन आयांपैकी एक जण बसलेली असते. महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये २००४ पासून आहे, साक्षी मलिकचं रिओचं कांस्य २०१६ चं, आणि महिला महाराष्ट्र केसरीची पहिली गदा २०२३ मध्ये सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं घेतली. त्यानंतर आमच्याकडे चौकशा वाढल्या. त्याआधी ‘मुलगी पैलवान झाली तर लग्न कसं होणार’ विचारायचे. आता ‘भरतीत जागा किती’ विचारतात.

मोकळीक देण्याचा प्रश्न मुलींत उलटा येतो. मुलगे सांगितलेलं मोडायला टपलेले असतात. मुली बऱ्याचदा सांगितलेलं इतकं चोख करतात की लढतीत स्वतःहून काही करायला वेळ लावतात, कारण ‘चुकलं तर’ हे घरून शिकून आलेल्या असतात. त्यांना मी लढतीआधी ‘आज हरायचंच आहे, फक्त नवा डाव मारून हरायचं’ असं सांगतो. पहिल्या आठवड्यात लाजतात. दुसऱ्या आठवड्यात थांबवावं लागतं.

मोठा कराटेला जातो, धाकटीला ज्युदोला घालायचंय. तिथेही असंच असतं का?

त्या विषयातला मी माणूस नाही, पण शेजारच्या ज्युदोच्या सरांशी रोज चहा होतो, त्यामुळे थोडं कानावर आहे. कराटेत किहोन म्हणजे मूळ ठोसे-लाथा-अडवणं, काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची माळ आणि कुमिते म्हणजे समोरासमोरची लढत. ज्युदोत काता आणि रांदोरी. रांदोरी म्हणजे मोकळा सराव, म्हणजे आमची लढतच.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. ज्युदो घडवणाऱ्या कानो जिगोरो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही आपली शाळा सुरू केली तेव्हा जुन्या जुजुत्सूतले ठोसे आणि घातक प्रकार त्यांनी कातामध्ये ठेवले, रांदोरीतून बाहेर काढले. धोक्याचं ठरवून करायचं, म्हणजे मोकळ्या सरावात दोघांनाही हातचं न राखता पूर्ण जोर लावता येतो. कुस्तीत आपल्याकडे कधी कुणी हे असं लिहून ठेवलं का माहीत नाही, पण व्यवहार तोच: ठोसा नाही, चावा नाही, बोट पिरगळायचं नाही, गळा आवळायचा नाही. एवढं कुंपण आहे म्हणून आत दोन सख्खे भाऊ एकमेकांना जीव तोडून आपटू शकतात आणि नंतर एका ताटात जेवतात.

जपान्यांकडे शू-हा-री म्हणून तीन पायऱ्या सांगतात: पाळणं, मोडणं, सुटणं. सरांचं म्हणणं, हल्ली पोरं पांढऱ्या पट्ट्यातच तिसऱ्या पायरीचा टी-शर्ट घालून येतात.

वस्तादांना उलट प्रश्न विचारला तर चालतो का? आमच्या वेळी नजर वर करायची हिंमत नव्हती.

आमच्याही वेळी नव्हती, आणि त्यात आमचं बरंच शिकायचं राहिलं. हौद्यात येताना माती कपाळाला लावायची, वस्तादांच्या पाया पडायचं, लढत संपली की जोडीदाराला हात द्यायचा. ही रीत मी पाळतो आणि पाळून घेतो. पण ‘हा डाव असाच का?’ असं पोरानं विचारलं तर ते मला मान दिल्यासारखं वाटतं. उत्तर येत नसेल तर ‘उद्या सांगतो’ म्हणतो. माझे वस्ताद असं कधी म्हणाले नाहीत. माझ्या तोंडून ते पहिल्यांदा निघालं तेव्हा मला दोन दिवस बाजारात मान खाली घालून फिरल्यासारखं झालं.

आता न हसता ऐका. आज्ञा कुठे संपते ते पोराला घरीच सांगून पाठवा. मान, गुडघा, खांदा दुखतोय म्हटल्यावर लढत थांबलीच पाहिजे, वस्ताद काहीही म्हणोत. काठीनं मारणं हे शिकवणं नाही. मालिशच्या नावाखाली किंवा बंद खोलीत एकटं बोलावलं, नको तिथे हात लावला, तर ‘वस्तादांचं ऐकायचं’ हा नियम तिथेच रद्द. पोरानं ओरडायचं, घरी सांगायचं, आणि तुम्ही आधी पोरावर विश्वास ठेवायचा. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर मी दारावर मोठ्या अक्षरात रंगवून घेतलाय. एक-दोन जण म्हणाले, तालमीच्या दारावर हे शोभत नाही. रंग अजून पक्का आहे.

मधेच तालीम बदलली तर वस्ताद नाराज होतील का?

होतील. मीही होतो, दोन दिवस. पोराला मोठ्या तालमीत चांगली जोड मिळत असेल तर जाऊ द्यावं. चोरून जाऊ नये एवढंच. सांगून, पाया पडून गेलेलं पोर जत्रेला परत येऊन आमच्या लहानग्यांना लढवतं.

आणि पोराला कुस्ती सोडायचीच असेल तर?

आठवडाभर थांबा. हरल्यामुळे म्हणतोय की खरंच मन उडालंय ते तेवढ्यात कळतं. खरंच उडालं असेल तर सोडू द्या. लंगोट वाळत घातलेला सहा महिने तसाच राहिला आणि पोरगा सायकल शर्यतीत जिल्ह्याला पहिला आला, असंही झालंय.

मैदानात वस्ताद बाहेरून ओरडत असतात. पोरानं त्यांचं ऐकायचं की स्वतःचं खेळायचं?

पोरं हा प्रश्न मला तोंडावर विचारत नाहीत, आपापसात विचारतात. मी ऐकलंय.

कोल्हापूरचं खासबाग मैदान बघितलंय का? शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ साली पुरं झालं. बैठक उताराची, त्यामुळे अगदी मागच्यालाही हौदा दिसतो, आणि हौद्यातल्या गड्यावर चारी बाजूंनी आवाज कोसळतो. तिथे आपल्या वस्तादाचा आवाज वेगळा काढणं म्हणजे पावसात एका थेंबाचा आवाज ऐकणं. गावच्या जत्रेतही हलगी वाजायला लागली की तेच. म्हणून मी बाहेरून फक्त दोनच शब्द ओरडायचं ठरवलंय: ‘दम’, म्हणजे श्वास घे, घाई करू नको, आणि ‘वेळ’, म्हणजे थोडी मिनिटं उरलीत. डाव सांगायचा नाही. समोरच्याची पकड ढिली झालेली पोराच्या तळहाताला कळते, मला वीस फुटांवरून दिसते, तोवर उशीर झालेला असतो.

ठरवलंय म्हणालो, पाळतोच असं नाही. त्या उंच पोराची गोष्ट वर सांगितली ना, त्यानं ढाक उघड उघड खेळायला सुरुवात केल्यावरची पहिली मोठी कुस्ती चैत्रातल्या जत्रेत नेमली होती. पाच हजार इनाम, समोर कसलेला गडी. आठ मिनिटं खडाखडी झाली, लोक कंटाळून ‘सोडवा सोडवा’ म्हणायला लागले, आणि माझ्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलं, ‘पट काढ! अरे, पट काढ!’ एकदा नाही, चार-पाच वेळा. पोरानं मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा समोर बघितलं, गड्याचा हात मानेसकट कवेत घेतला आणि फिरला.

फेटा बांधून, हलगीवाल्यांच्या गराड्यातून वाट काढत तो माझ्याकडे आला, पाया पडला आणि वाकल्या वाकल्याच म्हणाला, ‘वस्ताद, मघाशी काय सांगत होता तुम्ही? हलगीत ऐकूच आलं नाही.’

ऐकू आलं होतं. मी म्हटलं, ‘काही नाही रे. पाणी पी आधी.’